गिदोनपेक्षा एक दिवस जास्त

गिदोन पेणकर आणि त्याची बायको सॅली पाठीवर सॅक टाकून एकवीस दिवस थायलंड फिरून आले, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माणसानं फिरावं. फक्त फिरून आल्यावर गप्प बसावं. गिदोन चारशे अकरा स्लाइड्स घेऊन आला.

इस्राएलमधल्या लोद गावातल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं आणि पेणकरांचं दार समोरासमोर आहे. मुंबईला परळच्या रेल्वे वर्कशॉपात गिदोन आणि मी शेजारशेजारच्या बाकांवर काम करत होतो. चौसष्ट साली एकाच विमानानं इकडे आलो आणि एकाच कारखान्यात चिकटलो. पुढे तो फोरमन झाला आणि मी, हासाजी अष्टमकर, स्टोअरकीपर राहिलो. तेही मी मनाला लावून घेतलं नाही. फोरमनला दिवसभर उभं राहावं लागतं. स्टोअरकीपरला खुर्ची असते.

पण स्लाइड्स! शनिवारी संध्याकाळी आम्हा ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, उतरला की पेणकरांच्या भिंतीवर चादर लागायची आणि अख्खा जिना आपापल्या खुर्च्या घेऊन तिच्यासमोर बसायचा. तळमजल्यावरच्या रुमानियन हिल्डाबाईसुद्धा यायच्या. त्यांना मराठी अजिबात कळत नसे आणि हिब्रू अर्धंच कळे. गिदोन हातात पडद्याची दांडी घेऊन उभा. "हा मी नदीत. हा मी नदीबाहेर. हा मी नारळाखाली." नारळाखालच्या स्लाइडमध्ये त्याच्या अंगात शर्ट नव्हता. ती स्लाइड मी सात वेळा पाहिली, आणि सातही वेळा माझी बायको मलका हातातला चहा विसरून तिच्याकडे बघत बसली.

"किती बारीक झाले हो गिदोनभाऊ," एकदा ती मला म्हणाली. मी पोट आत ओढलं. तिनं बघितलंच नाही, म्हणून परत सोडलं.

सातव्या शनिवारी कुणीतरी विचारलं, असा प्रवास आपल्या वयाच्या माणसाला जमेल का. गिदोननं दांडी खाली ठेवली. "जिद्द लागते," तो म्हणाला. "सगळ्यांचं काम नाही ते. आता आमचा हासाजीच घ्या. भाजीची पिशवी घेऊन वर येताना त्याला पहिल्या मजल्यावर बसावं लागतं."

सगळे हसले. हिल्डाबाई सगळ्यात जास्त हसल्या, आणि त्यांना तर काही कळलंही नव्हतं. मी ताडकन उभा राहिलो. मागे प्रोजेक्टर चालू होता, त्यामुळे गिदोनचा उघडा खांदा माझ्या शर्टावर येऊन बसला.

"आम्ही फेब्रुवारीत जातोय," मी म्हणालो. "थायलंडला. पाठीवर सॅक टाकून. बावीस दिवस."

ही बातमी मलाही त्याच क्षणी कळली.

घरी आल्यावर मी माघारीची वाक्यं जुळवत होतो, तेवढ्यात मलकानं दार लावून विचारलं, "खरंच जायचं?" तिचा चेहरा असा झाला होता की माझी सगळी वाक्यं विरघळली. असा चेहरा मी आमची दालिया जन्मली तेव्हा पाहिला होता. नंतर एकदा, पेताह तिक्वाच्या इस्पितळातल्या धुलाईखान्यात ती कायम झाली तेव्हा. त्याला आता अकरा वर्षं झाली. "खरंच," मी म्हणालो, आणि पाण्याचा ग्लास शोधायला लागलो.

दालियाला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर हिब्रूत देते, त्यामुळे आमच्या घरात भांडणं निम्मीच होतात. "अबा, अता लो नोर्माली," ती म्हणाली. म्हणजे, बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर नाही. मग फौजेतून सुटल्यावर घेतलेली स्वतःची सॅक तिनं माळ्यावरून काढून दिली. ती सॅक माझ्या कमरेपासून डोक्याच्या वर एक वीत जात होती.

सल्ले सुरू झाले. सॅलीनं छत्तीस वस्तूंची टाइप केलेली यादी दिली. त्यात एकोणीस नंबरला 'मानसिक तयारी' होती. ती कुठल्या कप्प्यात भरायची ते लिहिलं नव्हतं. हिल्डाबाईंनी जाड लोकरीचा पट्टा विणून आणला आणि खाणाखुणा करून समजावलं की उष्ण देशात थंडी नेहमी पोटातून शिरते, म्हणून हा पोटाला बांधायचा आणि परत येईपर्यंत सोडायचा नाही. आयुष्यात रुमानिया आणि लोदपलीकडे न गेलेल्या बाईचा हा सल्ला मी मानेनं स्वीकारला. दुसरं करणार काय, त्यांनी पट्टा तिथेच बांधला होता.

सवय व्हावी म्हणून मी सॅकमध्ये दहा किलो तांदूळ, पाच किलो बटाटे आणि तोल राहावा म्हणून मलकाची इस्त्री भरली. जिन्यात सराव करणं शक्य नव्हतं, कारण जिन्यात गिदोन भेटतो. म्हणून एका शुक्रवारी दुपारी आम्ही विमानतळाच्या कुंपणाकडेचा रस्ता धरला. मी पुढे, पाठीवर डोंगर, पोटाला लोकर. मलका मागे, हातात पाण्याची बाटली. विमानतळाच्या कुंपणाजवळ घामाघूम माणसानं भलंमोठं ओझं घेऊन संशयास्पद हळू चालू नये, हे मला सुचायला हवं होतं. आमच्याकडे मुलांनाही ते शिकवतात.

गस्तीची जीप आली. दोन जवानांनी मला हात वर करायला लावले. वर केलेल्या हातांसकट मी सॅकच्या वजनानं मागे पडलो आणि उलट्या कासवासारखा आकाशाकडे बघत राहिलो. त्यांनी सॅक उघडली. तांदूळ. बटाटे. इस्त्री. इस्त्री त्यांनी बराच वेळ उलटसुलट करून बघितली.

"हे काय आहे?"

"सराव," मी खालूनच म्हणालो.

"कशाचा?"

याचं उत्तर हिब्रूत देणं अवघड होतं. खरं म्हणजे मराठीतही अवघड होतं. ओळखपत्र घरी राहिलं होतं. जवानानं विचारलं, तुम्हाला ओळखणारं इथे कोणी आहे का? आणि त्या ओसाड रस्त्यावर, जिथे तासाला एक गाडी जाते, तिथे लांबून एका स्कूटरचा आवाज आला. मी मनात म्हणालो, कोणीही असो, तो नसो.

तोच होता.

गिदोननं स्कूटर उभी केली, हेल्मेट काढलं, आधी मला बघितलं आणि मग इस्त्रीला. "ओळखतो," तो जवानांना म्हणाला. "गेली पंचवीस वर्षं ओळखतो. निरुपद्रवी आहे." मग बटाट्यांची पिशवी स्कूटरला अडकवून, मलकाला मागे बसवून तो निघून गेला. "तुझा सराव बुडायला नको," असं जाताना म्हणाला. मी दहा किलो तांदूळ आणि इस्त्री घेऊन तीन किलोमीटर चालत आलो. रस्ताभर मला एकच दिसत होतं, की वळणावर मलकानं आधारासाठी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

आता परवानगीची हकीकत. मी पन्नाशीला आलो असलो तरी राखीव फौजेच्या यादीवर आहे. वर्षातून काही दिवस मी एका गोदामाच्या दारावर बंदूक घेऊन बसतो. (गोदाम रिकामं आहे, पण ती गोष्ट गुप्त आहे. कृपया पुढे सांगू नये.) यादीवरच्या माणसाला देशाबाहेर जायला कागद लागतो. तो आणायला मी एका कचेरीत गेलो. खिडकीपलीकडच्या कारकून बाईंनी माझी फाइल काढली, पासपोर्ट बघितला, परत फाइल बघितली.

"फाइलीत यहेझ्केल अष्टमकर आहे. पासपोर्टवर हासाजी."

मी समजावलं. आमच्यात यहेझ्केलला हासाजी म्हणतात. चौसष्ट साली विमानातून उतरलो तेव्हा तिथल्या साहेबाला हासाजी लिहिता येईना, म्हणून त्यानं यहेझ्केल लिहिलं. पासपोर्ट मात्र मी माझ्या खऱ्या नावानं काढला.

"यहेझ्केल जाऊ शकतात," त्या म्हणाल्या. "हासाजींचा अर्जच आलेला नाही."

"बाई, दोघं मीच आहे."

"मग दोघांचे अर्ज द्या."

मी दोघांचे अर्ज दिले. पुढच्या आठवड्यात कळलं की यहेझ्केलला परवानगी आहे, पण हासाजीनं कधी फौजेत नोकरी केल्याची नोंद नाही, त्यामुळे आधी त्यानं इतकी वर्षं काय केलं याचा खुलासा करावा. नाहीतर दोघं एकच असल्याचं शपथेवर सांगणारा साक्षीदार आणावा. साक्षीदार नातेवाईक नको, आणि इकडे येण्याच्या आधीपासून ओळखणारा हवा.

असा माणूस सगळ्या लोदमध्ये एकच होता. मी चार दिवस दुसरा शोधला. पाचव्या दिवशी समोरचं दार वाजवलं.

गिदोन सूट घालून कचेरीत आला. आल्या आल्या त्यानं बाईंना विचारलं, "आमच्या हासाजीला कुठे जायचंय माहीत आहे ना? थायलंड! मी नुकताच जाऊन आलो." पुढची चाळीस मिनिटं तो नदी, बोटी आणि नारळ यांबद्दल बोलत होता. मागची रांग पुढे सरकून त्याच्याभोवती गोल उभी राहिली. बाईंनी हनुवटी तळहातावर ठेवून ऐकता ऐकता माझ्या कागदावर शिक्का मारला. कुठल्या नावावर मारला तेही त्यांनी पाहिलं नाही. निघताना म्हणाल्या, "तुमच्यासारख्या माणसाबरोबर प्रवास करायला किती मजा येईल." हे त्यांनी मला म्हटलं नाही.

तर असे आम्ही फेब्रुवारीत निघालो.

तिथे पोचल्यावर पहिले आठ दिवस मी काय पाहिलं, हे मला नीट सांगता येणार नाही. मी एका वहीत दोन रकाने आखले होते: 'गिदोननं पाहिलं' आणि 'गिदोननं पाहिलं नाही'. दुसरा रकाना लांब करण्यासाठी आठ दिवसांत सहा गावं झाली. मी पुढे, मलका मागे. तिच्या पायाला फोड आले, तर मी म्हणालो की ते सरावानं जातात. लोकरीच्या पट्ट्यानं माझ्या पोटावर लाल चट्टा उठला होता, पण तो पट्टा सोडायची मला भीती वाटत होती. हिल्डाबाईंवर माझा विश्वास नव्हता, तरीसुद्धा.

नवव्या दिवशी दक्षिणेकडे जाणाऱ्या रेल्वेतून उतरून आम्ही समुद्रकाठच्या एका गावात पोचलो. खांबांवर उभं लाकडी घर, मागे माडांची बाग आणि दारात एक म्हातारी. तिला सगळे पा म्हणत, म्हणजे मावशी. आम्ही इस्राएलहून आलो म्हटल्यावर तिनं दोन्ही हात वर केले. "गिदॉन!" ती ओरडली. "सेली!" आणि आतून पाहुण्यांची वही घेऊन आली. वहीत स्वच्छ मराठी अक्षरात लिहिलं होतं: 'एक रात्र राहिलो. भात उत्तम. येथून पुढे डोंगरात मोठा धबधबा आहे, पण आम्हास रस्ता खचल्यामुळे जाता आले नाही. मागाहून येणाऱ्या मराठी माणसाने डावीकडची खोली घ्यावी. गिदोन व सॅली पेणकर, लोद.'

मी उजवीकडची घेतली. उजवीकडच्या खोलीत कोंबड्या होत्या.

पण धबधबा! दुसऱ्या रकान्याची सोय झाली होती. सकाळी मी सॅक पाठीवर चढवली आणि मलकाला हाक मारली. ती घरामागे होती. पा एका बुटक्या लाकडी बैठकीवर बसून, पुढच्या लोखंडी दात्यावर नारळ खवत होती. आपली खवणीच ती, फक्त पुढून सशाच्या आकाराची. मलका बराच वेळ उभी राहून बघत होती. मग तिनं पाच्या खांद्याला हात लावला, पा उठली, आणि मलका बसली. अर्धी वाटी तिनं अशी खवली की पाठीच्या काळ्या सालीचा एक कण खाली पडला नाही. नवगावला तिच्या बापाची चाळीस माडांची वाडी होती. लोदला आल्यापासून आम्ही खोबरं खातो ते पाकिटातल्या कोरड्या किसाचं.

"चल, बस निघेल," मी म्हणालो.

"मी नाही येत," मलका म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही जाऊन या. मला इथे बरं वाटतंय."

अठ्ठावीस वर्षांत ती मला पहिल्यांदा नाही म्हणाली, तेही मान वर न करता. मी तिथे शहाणपणानं वागायला हवं होतं. मी बस पकडली.

धबधब्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती लांबवावी अशी नाही. रस्ता अजून खचलेलाच होता. मी दीड दिवस चाललो. जळवा लागल्या. पाय मुरगळला. शेवटी धबधबा आला, आणि तो खरोखर मोठा होता. मी कॅमेरा काढला, तेव्हा लक्षात आलं की फोटो काढायला दुसरा माणूस नाही. नुसत्या धबधब्याचा फोटो कोणीही विकत घेऊन आणेल, गिदोन हेच म्हणाला असता. म्हणून हात लांब करून मी स्वतःचाच काढला. तो पुढे धुऊन आला, त्यात माझा कान आहे आणि थोडं पाणी आहे. मी एका दगडावर बसलो. "बघ केवढं पाणी," असं मोठ्यानं म्हणालो. मागे कोणी नव्हतं. तिथे मला जे वाटलं ते पाय दुखल्यामुळे वाटलं असेल, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

परत आलो तो अननसांच्या ट्रकमधून, तिसऱ्या दिवशी दुपारी, लंगडत. घराजवळ आलो तर आतून हसण्याचा आवाज. एक हसणं पा मावशीचं होतं. दुसरं ओळखीचं वाटलं, पण कुणाचं ते आठवायला मला दाराशी थांबावं लागलं. मलका जमिनीवर बसली होती, केस मोकळे, हात कोपरापर्यंत नारळाच्या दुधात. पा तिला काहीतरी सांगत होती तिच्या भाषेत, मलका उत्तर देत होती मराठीत, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. शेजारी मासे होते. खवले असलेले एका बाजूला आणि बिनखवल्यांचे, म्हणजे आम्हाला न चालणारे, दुसऱ्या बाजूला. ही शिस्त मलकानं पाच्या घराला तीन दिवसांत लावली होती.

गिदोनचा मत्सर करणं मला सवयीचं झालं होतं. हे नवीन होतं. त्या म्हातारीचा, तिच्या खवणीचा, त्या माशांचासुद्धा मला इतका राग आला की मी तिथेच ओट्यावर बसलो.

मलकानं माझा पाय बघितला आणि गरम पाणी आणलं. पाय पाण्यात घातल्यावर मी जे बोलायचं नव्हतं ते बोललो. "गिदोन इथे असता तर तू धबधब्याला गेली असतीस."

"गिदोनभाऊ?" तिला खरंच कळेना. "त्यांचा काय संबंध?"

"सात शनिवार त्याच्या उघड्या अंगाकडे बघत बसली होतीस."

मलका आधी थक्क झाली, मग लाल झाली, मग इतकी हसली की पा बघायला आली. "त्यांना मी रोज जिन्यात बघते," ती म्हणाली. "मागे माड होते हो. सोळा वर्षांत माड बघितला नव्हता मी. आपल्याला नवगावला जायला व्हिसा मिळत नाही, म्हटलं हे तरी बघू. तुम्ही त्या दिवशी जायचं म्हणालात, तेव्हा मला वाटलं तुम्हाला समजलं म्हणून."

मी पाय पाण्यात आणखी खोल घातला. म्हणालो, "समजलं होतं. थोडंफार."

संध्याकाळी तिनं केळीचं पान मांडलं. मी सुखरूप परत यावं म्हणून तिनं एलियाहू हनाबीला, आमच्या संदेष्ट्याला, मलिदा बोलला होता, म्हणजे गूळखोबरं घातलेल्या पोह्यांचा नवस. पोहे कुठून आणणार, तर पाच्या घरात कोवळा भात कांडून केलेले हिरवे पोहे निघाले. गूळ निघाला, आणि खोबरं तर होतंच. मी टोपी घालून आशीर्वाद म्हटले. पा, तिच्या दोन सुना आणि शेजारचा नारळ पाडणारा म्हातारा हात जोडून बसले होते. मधेच मी लोकरीचा पट्टा सोडून ठेवला. पोटात थंडी शिरली नाही.

बाकीचे सगळे दिवस आम्ही तिथेच राहिलो. वहीचे रकाने मी पुढे भरले नाहीत. मी नारळ सोलायला शिकलो, तेही वाईट. निघताना दोघी बायका अशा रडल्या की बसवाला इंजिन बंद करून थांबला.

लोदला जिन्यानं विचारलं, स्लाइड्स कधी? मी म्हणालो, एक कान आहे, बघायचा असेल तर या. लोकांनी काही दिवस वाट बघितली आणि सोडून दिलं. गिदोनला मात्र चैन पडेना. "एकाच घरी इतके दिवस? केलंत काय?" तो पुन्हा पुन्हा विचारायचा, आणि मी म्हणायचो, "खवलं." त्याचा चेहरा उतरायचा. मला त्याचं जितकं सुख व्हायला हवं होतं तितकं झालं नाही. पण झालं.

मग मे महिन्यात थायलंडहून पा मावशीचं पत्र आलं. दोन पानं, सगळं त्यांच्या गोल गोल अक्षरांत. मलकानं ते खिडकीशी बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं, मधे दोनदा हसली, आणि दुसऱ्याच दिवशी मराठीत चार पानांचं उत्तर टाकलं. महिन्याभरानं आणखी एक आलं.

"काय लिहिते?" मी विचारलं.

"घरचंच सगळं," मलका म्हणाली आणि पत्र घडी करून ठेवून दिलं.

तीन दिवस मी कळ काढली. चौथ्या दिवशी ती कामाला गेल्यावर मी ते पत्र घेऊन समोरचं दार वाजवलं. गिदोननं चष्मा लावला. आम्ही दोघं त्याच्या टेबलाशी डोकं डोक्याला लावून बसलो.

"हे अक्षर मी बसवर बघितलंय," गिदोन म्हणाला.

"कुठे जाणाऱ्या?"

"ते नाही आठवत." त्यानं बोट पुढे सरकवलं. "इथे तुझं नाव असेल बघ. लांब आहे."

"ते तुझंही असू शकतं."

"शकतं," गिदोन जरा आशेनं म्हणाला. सॅलीनं चहा आणून ठेवला, तो निवला. आम्ही तिसऱ्या ओळीपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात उघड्या दारातून मलका आत आली. धुलाईखान्यातून दोन बस बदलून आलेली, हातात भाजीची पिशवी. तिनं आमच्याकडे बघितलं, आमच्या बोटांखालून कागद काढून घेतला, उलटा होता तो सरळ केला, आणि वाचत वाचत घरी निघून गेली.